डबा खरा, आतला किल्ला खोटा

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे वाचताना ‘पण गेले किती?’ हे डोक्यात घोळत राहणार नाही. ३१ हजार. त्यातले ११ यूपीआयने, २० रोख. मी चाकणच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. अठरा वर्षं लोकांची बिलं तपासतोय. जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकला तरी बिल परत पाठवतो. त्या माझ्याकडे या ३१ हजारांचा कागदाचा कपटासुद्धा नाही. यावर घरात जे ऐकायचं ते मी ऐकून घेतलंय, तेव्हा तुम्ही नाही सुनावलंत तरी चालेल.

वस्तू होती लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचा, हॉगवर्ट्स किल्ला, हॅरी पॉटरची शाळा. तोच, २०१८ साली आलेला, ७१०४३ नंबरचा, ६०२० तुकड्यांचा. ‘खेळण्यासाठी ३१ हजार?’ असं ज्यांना वाटेल त्यांना वाटू दे. आम्ही कोथरूडचे बाप दिवाळीत पोरांच्या नावाखाली स्वतःच मातीचा किल्ला करत बसतो आणि पोरांना फक्त अळीव पेरायला बोलावतो. हाही त्यातलाच प्रकार समजा. शिवाय सईने, माझ्या मुलीने, त्यात स्वतःच्या गल्ल्यातले ४२०० रुपये घातले होते. त्या ४२०० ची टोचणी उरलेल्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त आहे.

तर या नादातल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, पुण्यापुरता. मी त्यात वर्षभर नुसता वाचत होतो. चित्रपट-मालिकांवरच्या एखाद्या नव्या सेटचे फोटो आले की पहिला तास नुसता जल्लोष असतो आणि दुसऱ्या तासापासून चिरफाड सुरू होते. २०२३ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या रिव्हेंडेलचा सेट आला तेव्हाचं उदाहरण घ्या. ६१६७ तुकडे, सोबत १५ चिमुकली प्लास्टिकची माणसं. मंडळी अक्षरशः नाचत होती, आणि ५०० डॉलरचा आकडा दिसल्यावर एकेक जण गप्प होत गेला. स्टिकरवरून तर भांडणं होतात. एवढे पैसे घेऊन तुकड्यावर चित्र छापून देत नाहीत, चिकटवायला देतात, आणि एकदा वाकडं बसलं की ते कायमचं वाकडं, हे रडगाणं मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. हॉगवर्ट्सवरचा वाद वेगळा. त्यात हॅरी, रॉन, हर्मायनी धरून २७ जण नखाएवढे आहेत, हातपाय न हलणारे. नेहमीच्या मापाची माणसं फक्त चार, शाळेचे चार संस्थापक. निम्मा गट म्हणायचा, हॅरीलाच ठोकळा केला तर मग मजा काय? दुसरा निम्मा म्हणायचा, अहो, अख्खा किल्ला टेबलावर मावायला हवा असेल तर माणसं बारीकच होणार.

या वादात एक जण फार नेटकं लिहायचा. त्याला नाव देत नाही, ‘तो’ म्हणतो. त्याने पहिले दोन-तीन महिने विकायला काहीही काढलं नाही. फक्त बोलायचा, आणि मुख्य म्हणजे खोट काढायचा. अमुक सेटची मागची बाजू उघडी आहे, तमुकमध्ये करड्या रंगाच्या दोन छटा दिसतात, ह्या किमतीला घेऊ नका, सहा महिने थांबा. नव्या पोरांना सल्ले द्यायचा. मला त्याचं लिहिणं आवडायचं. जो वस्तूची खोट काढतो तो स्वतः खोटा नसणार, असं मनाने कधी ठरवून टाकलं ते कळलंच नाही. आता वाटतं, त्याने जे काही विकलं त्यात हीच वस्तू सगळ्यात महाग होती.

मी त्याला खासगीत विचारलं, हॉगवर्ट्स कुठे बरा मिळेल? त्याने लगेच ‘माझ्याकडे आहे’ म्हटलं नाही. म्हणाला, “दादा, गुंतवणूक म्हणून घेताय का? मग नका घेऊ.” आणि मिलेनियम फाल्कनचा, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधल्या यानाच्या सेटचा, किस्सा सांगितला. २००७ चा तो मोठा फाल्कन, पाच हजारांवर तुकड्यांचा, बंद झाल्यावर लोक सीलबंद डब्यांना वेड्यासारखी किंमत देत होते. २०१७ मध्ये कंपनीने ७५४१ तुकड्यांचा नवा काढला आणि जुन्याचा भाव घसरला. हे सगळं खरं आहे. मी पडताळून पाहिलं होतं. तिथेच तर फसलो. त्याने मला सांगितलेल्या दहापैकी नऊ गोष्टी खऱ्या होत्या.

दहावी अशी, की त्याचा भाऊ दुबईला असतो आणि त्याने येताना एक डबा आणलाय. इथे थोडं हिशेबाचं बोलतो. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. हा किल्ला बाजारात आला तेव्हा अमेरिकेत ४०० डॉलरला होता. इथे दुकानात विचाराल तर भाव ऐकून घसा कोरडा पडतो. त्यामुळे ‘कोणीतरी बाहेरून सामानात घालून आणलाय’ हे वाक्य आपल्याला लगेच पटतं. बिल का नाही, याचं उत्तरही त्याच वाक्यात मिळून जातं. आणि आपण थोडं नियमाच्या बाहेरचं करतोय असं वाटत असल्यामुळे आपण आवाज खाली ठेवून बोलतो, प्रश्न कमी विचारतो. मी तरी कमीच विचारले.

मग नेहमीचं. हा सेट आता बंद होणार, दोन जण मागे लागलेत, तुम्ही गटातले म्हणून तुम्हाला आधी विचारतो, बुकिंगचे ११ हजार टाका. खात्यावर एका बाईचं नाव दिसलं. “वहिनीचं आहे, दादा, माझं लिमिट संपलंय.” टाकले.

बाकीचे रोख द्यायला गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली भेटलो. पाऊस होता. तो ॲक्टिव्हावरून आला, डबा पायाशी, वर प्लास्टिकचा कागद नीट गुंडाळलेला. तिशीतला, चष्मा, रेनकोट. बोलायला इतका मऊ की मीच त्याला “तुम्ही भिजताय, पटकन आटपू” म्हणालो. डबा हातात घेतला. वजन होतं, छपाई अस्सल होती, सील जागेवर होतं. मी म्हटलं, उघडून एकदा आत बघू का? तो हसला. “सील फोडलं की किंमत गेली, दादा. तुम्हाला मी काय सांगणार?” या ‘तुम्हाला मी काय सांगणार’वर मी वीस हजार मोजून दिले. वाटलं, आपल्यालाही यातलं कळतं असं कोणीतरी मानतंय.

वाढदिवस आठ दिवसांवर होता. तोवर डबा कपाटावर, चादरीखाली.

त्या रविवारी सकाळी सईने डबा उघडला. पिशव्या बाहेर काढल्या. पिशव्यांवरचे आकडे छापलेले नव्हते, पांढऱ्या कागदावर लिहून चिकटवले होते. मला ते खटकलं, पण मी काही बोललो नाही. तिने पहिली पिशवी ताटात ओतली, पोहे निवडायला घ्यावेत तशी. एक तुकडा उचलला, डोळ्याजवळ नेला, मग दुसरा, मग तिसरा. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ह्यांच्यावर नाव नाहीये.”

लेगोच्या तुकड्यावर जे गोल उंचवटे असतात, स्टड म्हणतात त्यांना, त्या प्रत्येकावर कंपनीचं नाव बारीक उठावात असतं. तिच्या जुन्या डब्यातला एक तुकडा शेजारी ठेवला. खिडकीपाशी तिरका धरला की अक्षरं चमकतात. आमच्या ताटातले सगळे टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत.

तरी मी म्हटलं, बांधून तर बघू. (बापाची जात.) दीड तासात मलाच कळून चुकलं. या तुकड्यांत दोन स्टडमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटर असतं, आणि साचे इतके काटेकोर असतात की १९५८ सालची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. आमच्याकडे सोळा स्टडच्या एका पट्टीवर चार-चारच्या चार विटा ओळीने लावल्या तर शेवटची बसेना. एकेका विटेत केसाएवढा फरक, चौथ्या विटेपर्यंत तो एवढा साचला की पट्टी कमानीसारखी वर आली. भिंत उभी करावी तर एक तुकडा इतका घट्ट की सईचं नख दुखावलं आणि त्याच्या शेजारचा फुंकरीने पडेल. पिवळसर रंगाच्या तीन छटा. आणि वास, नव्या ताडपत्रीला येतो तसला. चार संस्थापकांपैकी एका बाईंचे डोळे कपाळावर छापले होते. सईला हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

मग मी डबा उलटा केला. आता काय शोधायचं ते माहीत होतं. खालच्या झडपेवर कारखान्याच्या गोंदाची मंद रेघ होती आणि तिच्यावर दुसरी, जास्त चकचकीत, थोडी बाहेर ओघळलेली. वरच्या सीलला कोणी हातच लावला नव्हता म्हणून ते अस्सल होतं. तळ शेकून, बहुधा केस वाळवायच्या यंत्राने, सोडवला होता. म्हणजे डबा खरा, माहितीपुस्तिका खरी, आतला माल नकली.

हा माल येतो कुठून याचं कोडं नाही. २०१९ मध्ये शांघायच्या पोलिसांनी लेपिन नावाच्या नकलाकारांवर धाड टाकली, शांतोऊ शहरातले त्यांचे कारखाने बंद केले. २०२० मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली, म्होरक्याला सहा वर्षं. पण एक दुकान बंद झालं म्हणून बाजार उठत नाही. आणि नुसती जुळणारी वीट बनवणं हा तर गुन्हाही नाही. विटेच्या त्या साध्या आकारावर मालकी सांगायचा कंपनीचा दावा युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्येच फेटाळला. ऑफिसातल्या एकाने उघडपणे चिनी किल्ला स्वस्तात घेतलाय, त्याच्या टीव्हीवर ठेवलाय, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. त्याने चिनी म्हणून घेतला. मी खऱ्याचे पैसे देऊन घेतला.

त्याला फोन केला. एकदा वाजला, मग बंद. गटातून तो आदल्या रात्रीच निघून गेला होता. मी तिथे सगळं लिहिलं तेव्हा आणखी तिघांचे मेसेज आले, खासगीत, लाजत लाजत. एकाने सात महिने डबा उघडलाच नव्हता, सीलबंद म्हणून जपून ठेवला होता. माझं वाचून त्याने उघडला. बाकीच्यांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. ‘३१ ला मिळतोय तेव्हाच कळायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांत असाही एक जण होता, ज्याने सौदा ठरला तेव्हा मला ‘नशीबवान आहात’ लिहिलं होतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पावती क्रमांक मिळाला. इथे एक गोष्ट नीट ऐका: हा फोन पैसे गेल्यावर जितक्या लवकर कराल तितका उपयोगी, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच अडवता येते. मी पैसे टाकल्यावर दोन आठवड्यांनी केला, कारण डबा चादरीखाली होता. खातं तोवर रिकामं. रोख वीस हजारांबद्दल चौकीत विचारलं, “दिल्याचा पुरावा?” माझ्याकडे नव्हता. समोरचा वाईट बोलला नाही. बिलं तपासताना मी जे विचारतो तेच त्याने विचारलं.

आता कोणी असला सौदा करताना मला विचारलं तर मी एवढंच सांगतो, की पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोर एक पिशवी फोडा आणि एक तुकडा उजेडात तिरका धरा. सीलची किंमत जाईल म्हणाला तर म्हणा, जाऊ दे, मला बांधायचाय. खरा विकणारा कुरकुर करेल, पण थांबेल. ज्याच्या नावाचं खातं नाही त्याला बुकिंग देऊ नका. सेट नंबर, त्याच्या हातात डबा आणि तळाची झडप असा व्हिडिओ मागा. वरचं सील सगळेच दाखवतात. आणि लहान मुलांसाठी घेत असाल तर आयएसआयची खूण बघा, २०२१ च्या १ जानेवारीपासून मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे.

ते सहा हजार तुकडे टाकून द्यायचा धीर झाला नाही. दिवाळीत सईने त्यातले दोन मनोरे सोसायटीच्या मातीच्या किल्ल्यावर रोवले. खाली मावळे, वर हॉगवर्ट्स. शेजारच्या आजी विचारत होत्या, हा कुठला गं बुरूज?

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. गटात माझं वाचलं म्हणे, फार वाईट वाटलं. ‘दादा, रिकामा डबा आणि पुस्तिका ठेवलीये का अजून? चांगल्या स्थितीत असेल तर दोन हजार देतो.’

मी सईला कटर आणायला सांगितलं. तिने आधी त्या डब्याच्या चारही बाजूंना जाड काळ्या मार्करने ‘खोटा’ असं लिहिलं, आणि मग आम्ही दोघांनी मिळून तो तळापासून कापला.