एचएमएस बेलफास्टवरची वायरलेस रूम : बेळगावच्या एका हॅमचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे घाईवाले सुटतील. नुसतं जहाज बघायला जाणार असाल तर चार. रेडिओचं वेड असेल तर पाच, आणि जास्त द्यायची सोय असती तर तेही दिले असते. गुडघेदुखीवाल्या माणसाला बरोबर नेणार असाल तर दोन. त्याचं खाली लिहिलंय.

लेक-जावई लंडनला असतात. त्यांच्याकडं गेलं की टॉवर ब्रिज दाखवायला नेतातच, आणि त्या पुलाच्या शेजारीच टेम्स नदीत हे करड्या रंगाचं जहाज कायमचं बांधून ठेवलंय. बाकी पब्लिक पुलाकडं पाठ करून सेल्फी काढतं, आपण हॅम लोक, म्हणजे लायसन काढून हौसेनं वायरलेसवर बोलणारे, मात्र डोलकाठीवरच्या तारा बघत बसतो, कुठली कुठं जाते, कुठं इन्सुलेटर आहे, ॲन्टेनाची वायर कुठनं खाली उतरलीय. बायको म्हणाली, इथं पण तारा? इथं पण.

जहाजाची माहिती थोडक्यात. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधलेलं (टायटॅनिकवाले तेच), मार्च १९३८ ला पाण्यात उतरवलं, दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियाच्या युद्धात लढलं, आणि १९७१ पासून म्युझियम. लांबी १८७ मीटर, नऊ डेक, सहा इंची बारा तोफा. पुढच्या तोफा म्हणे मुद्दाम अशा रोखून ठेवल्यात की गोळा सुटला तर तो शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर हायवेच्या कडेच्या हॉटेल-पेट्रोल पंपावर पडेल. म्हणजे आपल्या बेळगावच्या किल्ल्यावरनं हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर नेम धरल्यासारखं. ही आयडिया आपल्याकडं पण बऱ्याच जणांना आवडेल.

आता मुद्द्याचं. या जहाजावर चालू अवस्थेतलं हॅम स्टेशन आहे, कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं हवेतलं नाव, जीबी२आरएन. ते चालवतात रॉयल नेव्हल अमॅच्युअर रेडिओ सोसायटीचे लंडनकडचे मेंबर. ही सोसायटी १९६० सालची. मेंबरांत नेव्हीतनं रिटायर झालेले पुष्कळ, आणि जागा मिळालीय ती ब्रिज वायरलेस ऑफिसची, म्हणजे जिथं जहाजाचा वायरलेस खरोखर चालायचा तीच खोली. काचेच्या मागं डमी बसवून 'इथे अमुक व्हायचे' अशी पाटी लावलेली नाही, जिवंत माणूस हेडफोन लावून बसलेला असतो आणि समोरून खरंच कुणीतरी बोलत असतं. मला म्युझियममध्ये नेहमी झोप येते, इथं आली नाही ती यामुळं.

खोली म्हणजे किती, आपल्याकडच्या फ्लॅटमधली स्वयंपाकाची खोली त्याहून मोठी असेल. टेबलं जमिनीला बोल्टनं आवळलेली, खुर्ची पण पक्की, कारण समुद्रात सगळं हलतं. भिंतीवर करड्या रंगाचे जुने सेट एकावर एक, त्यात मर्फीचा बी-४० रिसीव्हर. होय, तोच मर्फी! आपल्या घरात ज्याच्या जाहिरातीतलं ओठावर बोट ठेवलेलं बाळ होतं त्याच कंपनीनं ब्रिटिश नेव्हीला रिसीव्हर करून दिले होते. आमच्या वडिलांच्या मर्फीवर आम्ही सकाळच्या बातम्या ऐकायचो, आणि त्याचा हा थोरला भाऊ इथं लोखंडी पेटीत, ट्यूनिंगचा नॉब हाताच्या मुठीएवढा. नॉब फिरवून बघितला की कळतं, गिअरमध्ये जरा सुद्धा ढिलाई नाही. उद्यमबागेत तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेल्या माणसाच्या बोटांना बॅकलॅश लगेच कळतो, इथं नव्हता. त्या जुन्या पेट्यांच्या शेजारी आजकालचा छोटा ट्रान्सिव्हर, म्हणजे बोलायचा आणि ऐकायचा एकच सेट, स्क्रीनवर सगळा बँड, म्हणजे शॉर्टवेव्हचा तो पट्टा, रंगात दिसतोय, आणि पुढं पितळेची मोर्स की, दाबून टिंब-रेघांत अक्षरं पाठवायची. नवं-जुनं दोन्ही एकाच टेबलावर.

ऑपरेटर सत्तरी ओलांडलेले, नेव्हीतले जुने वायरलेसवाले, तिकडं त्यांना स्पार्कर म्हणतात. मी म्हटलं आम्ही पण व्हीयूवाले (भारतातले कॉलसाइन व्हीयूनं सुरू होतात), बेळगावचे. मग काय, दहा मिनिटांसाठी आत शिरलो होतो, बायको खाली कॅन्टीनमध्ये जाऊन कॉफी पिऊन परत आली तरी मी तिथंच. एक शाळकरी पोरगा आला, त्याला त्यांनी त्याचं नाव मोर्समध्ये वाजवून दाखवलं आणि मग त्याच्याच हातात की दिली, ट्रान्समीटर बंद ठेवून नुसता आवाज येईल अशी. पोरगा उठेचना. मागं लाइन लागली तरी म्हातारा त्याला हाकलत नव्हता. इथं पाच स्टार.

आता गंमत. निघायच्या आधी मी आमच्या येळ्ळूरच्या हॅम दोस्ताशी स्केड, म्हणजे हवेत भेटायची वेळ, ठरवलं होतं, लंडनचे दुपारी ३ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे ७.३०, वीस मीटर बँड. त्याचं घर राजहंसगडाच्या बाजूला, उंचावर, डायपोल, म्हणजे तारेची ॲन्टेना, एका टोकाला नारळाला आणि दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीला. अंतर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, पण संध्याकाळी वीस मीटर युरोपकडं उघडतोच, ते काही मोठं नाही. अडचण वेगळीच. ऐन वेळेला तिकडं वळवाच्या पावसानं आभाळ भरलेलं, वीज चमकतेय, करंट गेलाय, आणि हा पठ्ठ्या बॅटरीवर सेट लावून बसलाय. मी फोनवर सांगत होतो की अरे वीज चमकूलाय तर ॲन्टेना काढ आधी. तर म्हणतो, लांब हाय रे, चंदगडच्या अंगाला चमकूलाय, तू साहेबाला बोलाव की.

साहेबांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं, हवेत हाक मारली. लंडनच्या मधोमध सगळ्या बिल्डिंगांचे एलईडी आणि चार्जर आणि लिफ्टा खरखर करत असतात, त्यात आमच्याकडची विजेची कडकड. आवाज आला, पण कुणीतरी गोणपाटात तोंड घालून बोलतंय असा. रिपोर्ट काय दिला असेल? चार-तीन. हे मला लई आवडलं. आपल्याकडं समोरचं एक अक्षर कळत नसलं तरी 'फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन' ठोकून देतात आणि मग त्याच श्वासात विचारतात, तुमचं नाव काय म्हणालात? पहिला आकडा म्हणजे बोललेलं किती कळतंय, दुसरा म्हणजे सिग्नलला जोर किती. कळत नसेल तर पाच कसा देणार. इथं मापात माप.

मग म्हाताऱ्यानं माइक बाजूला ठेवला आणि कीकडं बोट दाखवलं. दोस्ताला फोनवर सांगितलं, मोर्सवर ये. बोलायला साधारण अडीच हजार हर्ट्झची जागा लागते, मोर्सला दीड-दोनशेत भागतं, म्हणजे फिल्टर आवळून आजूबाजूची खरखर कापून टाकता येते आणि सगळी पॉवर त्या एका बारीक सुरात जाते. आणि आला की! खरखरीच्या मागनं बारीक, पण एकदम स्वच्छ. व्हीयूनं सुरू होणारा कॉलसाइन ब्रिटिश लढाऊ जहाजावर वाजतोय आणि पाठवणारा येळ्ळूरात कंदील लावून बसलाय. माझ्याकडं तिथलं लायसन नाही म्हणून मी कीला हात लावला नाही, पण कान तर आपलेच. कॉन्टॅक्ट लॉगात चढला. लगेच याचा फोन, ऐकूलास काय रे, मी लंडनात वाजूलोय! आख्ख्या खोलीला ऐकू गेलं, फोन स्पीकरवर नसताना.

त्या खोलीत बसल्यावर अजून एक गोष्ट डोक्यात शिरते, ती खालच्या मजल्यांवर फिरून शिरत नाही. २६ डिसेंबर १९४३, नॉर्वेच्या उत्तरेला, भर हिवाळ्यात दिवसा पण धड उजेड नाही. जर्मनांची शार्नहोर्स्ट ही मोठी युद्धनौका रशियाला सामान घेऊन जाणाऱ्या काफिल्यावर धावून आली आणि ती पहिल्यांदा दिसली ती बेलफास्टच्या रडारवर, ३५ हजार यार्डांवर. नंतर बेलफास्ट तिच्या मागं लागून राहिली, बरोबरची दोन जहाजं मागं पडली तरी हिनं माग सोडला नाही. आणि करत काय होती? रडारवर धरून ठेवायचं आणि ती कुठं आहे, कुठल्या दिशेला चाललीय हे वायरलेसनं ड्यूक ऑफ यॉर्क या मोठ्या जहाजाला कळवत राहायचं. त्या निरोपांवर ते जहाज आडवं आलं आणि शार्नहोर्स्ट बुडाली, १९६८ माणसांतली ३६ वाचली. तोफा सगळे बघतात, फोटो तोफांपाशी काढतात. पण त्या दिवशी दिवसभर काम केलं ते रडारवाल्यांनी आणि वायरलेसवाल्यांनी, आणि त्यांची आठवण टिकवायला तिथं अजून कुणीतरी की दाबतंय हे मला तोफेपेक्षा भारी वाटलं.

आता उणं काय ते. जिने. जिने कसले, लोखंडी शिड्याच, सरळ उभ्या, आणि वायरलेस ऑफिस वरच्या अंगाला असल्यामुळं चढावं लागतंच. साडी नेसलेल्या बायका, गुडघेवाले, आणि जेवून लगेच आलेले, तिघांनी विचार करून जावा. डोकं दारात आपटतं, उंच माणसाचं तर हमखास. तिकीट आपल्या रुपयात गुणून बघायचं नाही, बघितलं की जहाज गोड लागत नाही. दुसरं म्हणजे ऑपरेटर सगळे व्हॉलंटिअर, पोटापाण्यासाठी बसलेले नाहीत, त्यामुळं रोज स्टेशन चालू असेलच असं धरून चालू नका, आधी सोसायटीला मेल टाकून विचारा आणि मग तिकीट काढा.

अशी जहाजं बाकी ठिकाणी पण आहेत. अमेरिकेत लाँग बीचला क्वीन मेरी आहे, तिच्यावर डब्ल्यू६आरओ. पर्ल हार्बरला मिसुरी, जिच्या डेकवर २ सप्टेंबर १९४५ ला जपाननं शरणागतीवर सही केली, तिच्यावर केएच६बीबी. न्यू जर्सी या युद्धनौकेवरचे एनजे२बीबीवाले दर जूनच्या पहिल्या वीकेंडला म्युझियम शिप्स वीकेंड भरवतात, त्या दोन दिवसांत जगभरची म्युझियम जहाजं एकदम रेडिओवर येतात आणि आपण घरी बसून जमतील तेवढी पकडायची. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे ५.३० ला चालू होतं. फक्त तारीख आमच्या मुळावर येते. जूनचा पहिला आठवडा म्हणजे मिरगाच्या तोंडावर, खानापूरच्या अंगानं ढग येतात आणि बँडवर लाह्या फुटायला लागतात. युरोप तरी मिळतो, अमेरिकेचा पश्चिम किनारा आमच्याकडनं उत्तर ध्रुवाच्या अंगानं जातो, तो मिळाला तर त्या दिवशी कुंदा वाटायचा.

आणि आपल्याकडं? विक्रांत मुंबईला २००१ पासून म्युझियम होती, २०१२ ला बंद केली, २०१४ ला भंगारात काढली, तिचं लोखंड मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेलं. आमच्या गल्लीत पण एक आहे तसली गाडी, मालक ट्रॅफिक सिग्नलला लोकांना सांगत असतो. पण बेळगावकरांना जवळ आहे ते कारवार. टागोर बीचवर हायवेला लागूनच आयएनएस चपळ ठेवलीय, मिसाइल बोट, १९७६ ते २००५ नौदलात होती. लोक सरसकट १९७१ च्या कराची हल्ल्यातली बोट म्हणून फोटो टाकतात, ती ही नव्हे, त्या आधीच्या बोटी. बघायला चांगली आहे, पोरांना घेऊन जा, आत पुतळे उभे केलेत. रेडिओवर मात्र कुणी नाही. समोर अरबी समुद्र, मध्ये एक बिल्डिंग नाही, खाऱ्या पाण्यासारखं दुसरं ग्राउंड ॲन्टेनाला मिळत नाही, आणि लंडनसारखी खरखर पण नाही. परवानग्या काढायला वर्ष जाईल, फायली तीन ऑफिसांत फिरतील, ते मान्य. पण बेळगाव, धारवाड, गोवा, कारवार मिळून दहा-बारा हॅम दोन दिवसांसाठी तिथं बॅटरी आणि डायपोल घेऊन बसले तर बीबीसीच्या गावातले लोक आपल्याला शोधत येतील. येळ्ळूरकर तयार आहे, त्यानं बायकोला विचारलं पण नाही अजून.

तोवर ज्याला ऐकायचं असेल त्यानं जूनच्या पहिल्या शनिवारी-रविवारी संध्याकाळी सातनंतर आमच्या गच्चीवर यावं, लायसन नसलं तरी चालतं, ऐकायला लागत नाही. चहा आमच्याकडं, चिरमुरे तुम्ही आणा. वीज चमकत असेल तर ॲन्टेना काढलेली असेल, त्यावरनं भांडायचं नाही.