तारे, यूट्यूब, दुकानदार की मेकॅनिक: इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना कोणाचं ऐकावं?

समजा पॉवर बँक घ्यायची आहे आणि दोन पानं शेजारी-शेजारी उघडी आहेत. पहिल्यावर कधी न ऐकलेला ब्रँड, रेटिंग ४.५, किंमत सातशेच्या आत आणि ठळक अक्षरांत '२०,००० एमएएच, वजन फक्त १५० ग्रॅम' (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप). दुसऱ्यावर ओळखीची कंपनी, १०,००० एमएएच, रेटिंग ४.१, किंमत दोन-तीनशेने जास्त. वरचाच रिव्ह्यू चिडून लिहिलेला: 'फोन दीडच वेळा चार्ज होतो, फसवणूक आहे.' बहुतेकांचं बोट पहिल्या पानाकडे वळतं. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी घ्या. चिडलेल्या रिव्ह्यूमुळे तर नक्कीच घ्या. तसं का, ते सांगायचं तर यात सल्ला देणाऱ्या चारही मंडळींना समोरासमोर उभं करावं लागेल.

ताऱ्यांचा आकडा

रेटिंगचा आकडा फुगतो कसा, ते आधी पाहू. टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'रिव्ह्यू डील'चे ग्रुप चालतात. मधला माणूस वस्तूचं नाव टाकतो. ग्रुपमधले लोक ती स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या पैशांनी मागवतात. माल आला की पाच तारे आणि दोन फोटो टाकायचे, रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट आणि ऑर्डर नंबर फॉर्ममध्ये भरायचा, मग काही दिवसांनी पैसे यूपीआयवर परत. वस्तू फुकटात पडते. यातली खरेदी खरी, पत्ता खरा, फोटोही खरे. त्यामुळे 'व्हेरिफाइड पर्चेस' ही खूण बघून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. ती खूण एवढंच सांगते की वस्तू या खात्यावरून विकत घेतली गेली. पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, ते ती सांगत नाही.

याचा आवाका किती मोठा असू शकतो, ते २०२१ मध्ये जगाला दिसलं. त्या वर्षी मे महिन्यात इंटरनेटवर उघडा पडलेला एक डेटाबेस सापडल्याची बातमी आली. त्यात १ कोटी ३० लाखांहून जास्त नोंदी होत्या: अमेझॉनवरचे विक्रेते आणि पैशांच्या बदल्यात रिव्ह्यू लिहिणारे लोक यांच्यातला पत्रव्यवहार. त्याच महिन्यात ऑकी आणि एमपॉ, आणि जूनमध्ये रावपॉवर हे ब्रँड अमेझॉनवरून दिसेनासे झाले. चार्जर, इयरफोन, पॉवर बँक हाच त्यांचा धंदा. सप्टेंबरपर्यंत अमेझॉनने सुमारे ६०० चिनी ब्रँड हटवल्याचं सांगितलं.

यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ऑकी किंवा रावपॉवरचा माल टाकाऊ नव्हता. अनेकांकडे त्यांचे चार्जर वर्षानुवर्षं चालले. म्हणजे रिव्ह्यू विकत घेतलेले असले म्हणून वस्तू वाईटच असते असं नाही. पण त्या आकड्याला मग काहीच किंमत उरत नाही. चांगल्याला ४.५ आणि वाईटालाही ४.५, तर निवड कशावर करायची?

तीन संशोधकांनी फेसबुकच्या ग्रुपांमधून रिव्ह्यू विकत घेणाऱ्या सुमारे दीड हजार वस्तूंचा माग काढला होता. त्यांचा अभ्यास २०२२ मध्ये 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात आला. रिव्ह्यूंची खरेदी चालू असताना रेटिंग आणि खप दोन्ही वाढत होते. खरेदी थांबली की रेटिंग उतरायचं आणि एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाढायचे. यातून आपल्या कामाची युक्ती मिळते: रिव्ह्यू 'टॉप' लावून वाचूच नका, 'सर्वांत नवे' लावा. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांत सूर बदलला असेल तर तो बदललेला सूर खरा धरा.

खोटं न बोलणारे रिव्ह्यूही फसवतात

पैसे घेऊन लिहिणाऱ्यांबद्दल बरंच बोललं जातं. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत त्याहून जास्त नुकसान करतो तो घाईने लिहिलेला प्रामाणिक रिव्ह्यू.

चार-पाचशे रुपयांत मिळणारा '२ टीबी'चा पेनड्राइव्ह घ्या. त्यातली चिप प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची असते. कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या भागात, फेरफार केलेला असतो, म्हणून कॉम्प्युटरला लावला की २ टीबीच दिसतं. गिऱ्हाईक घरी आणतं, लग्नाचे शंभर फोटो टाकतं, उघडून बघतं, सगळं व्यवस्थित. त्याच दिवशी पाच तारे: 'सुपर प्रॉडक्ट, पैसा वसूल.' या माणसाने खोटं काहीच लिहिलं नाही. पुढे सहा-आठ महिन्यांनी खरी जागा भरते. नवी फाइल टाकताना कोणतीही सूचना येत नाही. फाइलचं नाव दिसतं, पण ती उघडत नाही, आणि काही वेळा जुन्या फोटोंवरच नवं लिहिलं जातं. तोवर रिव्ह्यू बदलायला कोण परत जातो? पाच तारे तसेच राहतात आणि फोटो गेलेले असतात.

पॉवर बँकेचंही असंच, फक्त उलट्या दिशेने. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. फोनकडे वीज साधारणपणे ५ व्होल्टने जाते आणि वाटेत काही वाया जाते. म्हणून प्रामाणिक कंपनी वस्तूवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, छापते, आणि १०,००० च्या पॉवर बँकेवर ती साधारण सहा हजारांच्या आसपास असते. ५,००० एमएएचच्या मोठ्या फोनला यातून सव्वा ते दीड चार्जच मिळणार. चिडलेल्या गिऱ्हाइकाने ज्याला फसवणूक म्हटलं, तो ती वस्तू खरी असल्याचा पुरावा आहे.

उलट पहिल्या पानावरचं वजन बघा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. एवढी वीज साठवायला आजच्या लिथियम सेलला नुसतंच सव्वाशे-दीडशे ग्रॅम वजन लागतं, वर डबा आणि सर्किट वेगळं. २०,००० ची खरी पॉवर बँक साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात भरते. १५० ग्रॅममध्ये २०,००० बसूच शकत नाहीत. हजारो लोकांनी पाच तारे दिले असले तरी वजन खोटं बोलत नाही. वस्तू हातात आल्यावर वाण्याच्या काट्यावर ठेवली तरी खरं-खोटं कळतं.

आणखी एक गफलत मोठ्या वस्तूंच्या पानावर होते. ३२ इंची आणि ५५ इंची टीव्हीचे, कधीकधी तर गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या मॉडेलचे रिव्ह्यू एकाच ढिगात असतात. आकडा एक, वस्तू चार. रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरांत साइज किंवा मॉडेल दिलेलं असतं. ते आपलंच आहे ना, एवढं पाहून पुढे जा.

मग रिव्ह्यू वाचायचेच नाहीत का?

वाचायचे, पण मधले. दोन आणि तीन तारे देण्यासाठी कोणी पैसे देत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला बदनाम करणारा एक तारा देतो, तीन नाही. मधल्या रिव्ह्यूत वापरणारा माणूस सापडतो: 'सात महिने झाले. आवाज चांगला, पण डाव्या इअरबडची बॅटरी उजव्याच्या आधी संपते, आणि फोनवर बोलताना रस्त्यावरचा गोंगाट पलीकडे जातो.' अशी दोन वाक्यं शंभर 'ऑसम'पेक्षा कामाची. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल, तर ती तुमच्याही वाट्याला येणार असं समजा.

एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाचताना तक्रार वस्तूची आहे की डिलिव्हरीची, ते वेगळं करा. 'खोकं फाटलेलं आलं' याचा वॉशिंग मशीनशी संबंध नाही. पण 'इन्स्टॉलेशनला दहा दिवस माणूस आला नाही' ही तक्रार तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने मनावर घ्यावी. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेले पाच तारे अशा गावात कामाला येत नाहीत.

यूट्यूबवाले

यांची जमेची बाजू मोठी आहे. चांगला यूट्यूबर मीटर लावून चार्जरचे वॉट मोजतो, कॅमेऱ्याचे रात्रीचे फोटो शेजारी-शेजारी ठेवतो, डबा उघडून आतलं सर्किट दाखवतो. घरात बसून आपल्याला हे शक्य नसतं. मराठीतही असं काम करणारी मंडळी आता बरीच आहेत, आणि त्यांचा फायदा जरूर घ्यावा.

अडचण दोन ठिकाणी. वस्तू बहुधा कंपनीने पाठवलेली असते, आणि व्हिडिओ ती बाजारात आल्या दिवशीच यायला हवा असतो. म्हणजे वापर आठवड्या-दोन आठवड्यांचा. दुसरं, खाली दिलेल्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळतं. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगा, असे भारतात नियम आहेत. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी सोप्या भाषेतल्या सूचनाही काढल्या. जो हे सुरुवातीलाच सांगतो, त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवते. आणि ज्याने त्याच फोनचा 'सहा महिन्यांनंतर' असा दुसरा व्हिडिओ केला आहे, त्याच्यावर सर्वांत जास्त.

दुकानदार

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्ही इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानांचे रस्ते. असा एखादा रस्ता तुमच्याही शहरात असेल. इथला दुकानदार तटस्थ नसतो. ज्या मालावर त्याला स्कीम आहे तोच तो आधी पुढे करणार. मोठ्या शोरूममध्ये तर आणखी सावध राहा: कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला मुलगा बऱ्याचदा त्या कंपनीनेच नेमलेला असतो. तो दुसऱ्या ब्रँडबद्दल चांगलं बोलणार नाही.

तरीही लहान दुकानदाराकडे एक गोष्ट आहे जी चार हजार रिव्ह्यूंकडे नाही. तो उद्याही तिथेच असतो. केबल आठ दिवसांत गेली तर तुम्ही त्याच्या काउंटरवर उभे राहणार, हे त्याला ठाऊक असतं. त्याला 'कुठलं चांगलं?' असं विचारू नका. 'परत कुठलं जास्त येतं?' असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर तो बहुतेक वेळा खरं देतो, कारण परत आलेला माल त्यालाही डोकेदुखीच असते. आणि पक्कं बिल घ्याच. शंभर रुपये वाचवायला कच्च्या बिलावर घेतलं तर वॉरंटी नाही आणि तक्रारीला आधारही नाही.

दुरुस्तीवाला

चौघांतला हा सर्वांत कमी विचारला जाणारा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, इन्व्हर्टर यातलं काही घ्यायचं असेल तर आधी गावातल्या मेकॅनिकला फोन करा. विक्रीत त्याचा वाटा नसतो. कुठल्या मशीनचा बोर्ड दोन पावसाळ्यांत जातो, कुठल्या कंपनीचा पार्ट तीन आठवडे येत नाही, कुठल्या टीव्हीचा पॅनल गेला की नवा टीव्हीच घ्यावा लागतो, हे त्याला रोजच्या कामातून कळलेलं असतं. रिव्ह्यू पहिल्या आठवड्याची साक्ष देतात, हा चौथ्या वर्षाची देतो.

त्याचीही मर्यादा आहे. त्याच्यापर्यंत फक्त बिघडलेल्या वस्तू येतात, आणि ज्याचा खप जास्त त्याच्या तक्रारीही जास्त. म्हणून 'कुठलं बिघडतं' यापेक्षा 'बिघडल्यावर कुठलं लवकर आणि स्वस्तात नीट होतं' हा प्रश्न त्याला विचारावा.

कायद्याचा आधार किती?

थोडा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहिणं मना आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानकही आलं, पण ते ऐच्छिक म्हणून. रिव्ह्यू डीलचे ग्रुप त्यानंतरही चालूच आहेत. डब्यात 'पाच तारे द्या, शंभर रुपये मिळवा' असं कार्ड निघालं तर त्याचा फोटो काढून वेबसाइटला कळवा, आणि पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. 'रेटिंग द्या, घरबसल्या कमवा' असे मेसेज तर उघडूच नका. सुरुवातीला दोन-पाचशे देऊन पुढे हजारो रुपये उकळणाऱ्या टोळ्या याच वाटेने घरात शिरतात. त्यात कोणी सापडलंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

कशासाठी कोण

पॉवर बँक आणि चार्जरसाठी तारे बाजूला ठेवा आणि वस्तूवर छापलेलं वाचा: रेटेड कपॅसिटी, वजन, आणि बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाखालचा 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. वस्तूवर किंवा खोक्यावर छापलेल्या उत्पादकाशी ते नाव जुळलं नाही तर वस्तू परत. ही वस्तू उशाशी ठेवून लोक झोपतात, इथे तडजोड नको.

इयरफोन आणि स्मार्ट वॉचसाठी दोन-तीन ताऱ्यांचे नवे रिव्ह्यू आणि एखादा मोजमाप करणारा यूट्यूबर पुरे. फोन-लॅपटॉपसाठी यूट्यूब आधी, मग जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते. मोठ्या घरगुती वस्तूंसाठी मेकॅनिक, आणि त्याने नाव घेतलेलं मॉडेल ऑनलाइन स्वस्त असेल तर खुशाल तिथून घ्या.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्कसाठी कोणाचंच ऐकू नका. कंपनीचा अधिकृत विक्रेता कोण ते बघून घ्या आणि आल्याच दिवशी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ते पूर्ण जागा भरून पुन्हा वाचून बघतात. मोठ्या ड्राइव्हला रात्रभर लागेल, लागू द्या. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बदलून मिळण्याची मुदत सातच दिवसांची असते, त्यामुळे ही चाचणी पहिल्याच रात्री लावा आणि ती होईपर्यंत त्यात एकही फोटो टाकू नका.