'बीटी वांगं' म्हणून रोपं देतील, घेऊ नका

कृष्णाकाठच्या वांग्याला गिऱ्हाईक कायम असतं, पण शेंडे आणि फळं पोखरणारी अळी पाठ सोडत नाही. तोडा सुरू झाला की आठवड्यातून दोनदा औषध मारावं लागतं. गेल्या पावसाळ्यात फवारून आल्यावर ह्यांना चक्कर आली, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. त्याच आठवड्यात एक जण टेम्पोतून रोपं विकत आमच्या पलूस तालुक्यात आला. "वहिनी, बीटी वांगं आहे, बांगलादेशातलं. अळीनं शेंड्याला तोंड लावलं की मेलीच. फवारा नकोच." माझ्या डोळ्यांपुढं ह्यांचं सलाईन होतं.

दीड रुपयाच्या रोपाला सहा रुपये. २,००० रोपांचे १२,००० रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, "परवानगी यायचीय, पावती नसते." तिथंच त्याला परत पाठवायला हवं होतं.

दीड महिन्यात शेंडे माना टाकायला लागले. एक मोडून उभा चिरला, आत गुलाबी अळी वळवळत होती. पहिल्या तोड्यात पाचातले दोन क्रेट किडके. औषध पुन्हा तेवढंच मारलं.

कृषी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं बीटी कापूस तपासायची पट्टी आणली. बीटी पिकात जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळं अळीला मारणारं प्रथिन पीकच तयार करतं. पट्टी ते प्रथिन शोधते. पान चुरडून द्रावणात पट्टी बुडवली. बीटी असतं तर दोन रेघा उमटल्या असत्या. एकच उमटली. साधी रोपं होती!

भाच्यानंच सांगितलं, आपल्याकडं शेतकऱ्याला कायद्यानं लावता येतो तो बीटी कापूसच, २००२ पासून. बीटी वांग्याला २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं मान्यता दिली होती, पण ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. ती उठलेली नाही. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते लावतात. एवढं खरं सांगून बाकीचं खोटं त्या टेम्पोवाल्यानं आमच्या गळी उतरवलं.

तक्रार द्यायला गेले तर पावती, लेबल, लॉट नंबर मागितला. काय दाखवणार? आणि रोपं खरी निघाली असती तर बेकायदा लागवड आमच्याच रानात सापडली असती.

परवा बहिणीचा फोन आला. आष्ट्याकडं तसलाच टेम्पो फिरतोय, आता 'बीटी भेंडी'चं बी घेऊन. भेंडीलाही परवानगी नाही.