चंद्रभागेतील होडीफेरी: धरणाआधीची भीमा समजून घेण्यासाठी

पंढरपूरला भीमा चंद्रभागा म्हणून ओळखली जाते; तिच्या घाटावरून विष्णुपद मंदिराकडे जाणारी होडी बहुतेक भाविक दर्शनाचाच एक भाग मानतात. परंतु सोलापूर जिल्ह्याचा नदीकाठ समजून घ्यायचा असेल, तर जाणत्या नावाड्याबरोबरच्या या फेरीइतकी चांगली सोय मला तरी ठाऊक नाही.

आमचे नावाडीकाका भीमेवरील उजनी धरणाच्या आधीची नदी पाहिलेले होते. सोलापूरकडे पाऊस बेताचाच, पण सह्याद्रीत झड लागली की इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड यांचे पाणी भीमेत उतरे, नरसिंगपूरला नीरा त्यात मिळे आणि इकडे ऊन पडलेले असतानाही पात्र फुगत जाई. भीमेवर तो लोंढा थोपवणारे मोठे धरण नव्हते. त्यामुळे वाळवंटातले पुंडलिकाचे मंदिर हीच काठच्या माणसांची मोजपट्टी होती: पाणी त्याच्या कोणत्या भागाला लागले, यावरून खालच्या वस्तीने सामान हलवायचे की नाही, हे ठरे. पूर ओसरल्यावर काठावर गाळ उरे आणि त्या मळईच्या ओलीवर रब्बीची ज्वारी येई. काकांनी हे सारे होडी थांबवून, जागा दाखवत सांगितले, याचे मोल मला फार वाटते.

१९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर नदीचे वेळापत्रकच बदलले. आता आषाढीच्या स्नानासाठीही धरणातून पाणी सोडावे लागते. तरीही पूर संपलेला नाही, कारण नीरा उजनीच्या खाली मिळते आणि तिच्यावरील वीर धरणाचा विसर्ग थेट पंढरपूरकडे येतो. ऑक्टोबर २०२०मध्ये उजनी भरलेले असतानाच अतिवृष्टी झाली आणि नदीचे पाणी शहरात शिरले.

उणिवाही गंभीर आहेत. आमच्या होडीत सर्वांना पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे नव्हती. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती मागूनच घ्यावीत आणि मिळाली नाहीत, तर होडीत बसू नये. दरफलक कोठे दिसला नाही, म्हणून भाडे आधीच ठरवावे. एकादशीच्या गर्दीत नावाड्याला बोलायला उसंत नसते. पावसाळा सरल्यानंतरची, पात्रात पाणी असलेली साध्या दिवसाची सकाळ निवडावी आणि विसर्ग वाढल्याचा इशारा असेल, तर घाटावरूनच परतावे.