दामोची पोथी आणि माझे ४४,०००

चीनमधल्या शाओलिन मंदिराच्या आगीतून वाचलेली पोथी म्हणून कुणी तुम्हाला काही दाखवलं, तर पाकीट काढण्याआधी हे वाचा. मी ३,८०० युआन घालवून बसलोय, त्या वेळच्या भावाने साधारण ४४,००० रुपये. ते परत येणार नाहीत. पण आपल्याकडची पोरं दरवर्षी तिकडे ट्रेनिंगला जातात, आणि मी ज्या गोष्टीला भुललो ती आपल्यातल्या कुणालाही भुलवेल अशी आहे.

डोंबिवलीत अकरा वर्षं कुंग फू शिकल्यावर एकदाचे पैसे साठवले आणि तीन आठवड्यांसाठी हनान प्रांतातल्या डंगफंगला गेलो. सोंगशान डोंगराच्या कुशीत शाओलिन मंदिर, आणि आसपास पावलापावलावर मार्शल आर्टच्या शाळा. मी उतरलो ती शाळा लहान, खासगी. तिथला दुभाषा गोड मुलगा. मला मांस चालत नाही हे आचाऱ्याला रोज तोच समजावायचा. असा माणूस आपल्याला गंडवेल अशी शंका तरी कशी येणार?

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "तू भारतातला आहेस, म्हणून तुला एक गोष्ट दाखवायची आहे." गावातल्या एका घरी नेलं. तिथे त्याचे 'काका' होते. त्यांनी लाकडी पेटीतून लाल कापडात गुंडाळलेल्या चार पातळ वह्या काढल्या. निळी कव्हरं, कडेला दोऱ्याची शिवण. नाव 'यीजिन जिंग', म्हणजे स्नायू पालटण्याचं सूत्र. छिंग राजवटीतली, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातली लाकडी ठशांची छपाई, असं सांगितलं. पुढे कहाणी आली. १९२८ मध्ये शी योउसान या लष्करी सरदाराने शाओलिन जाळलं, त्यात ग्रंथालयही गेलं. काकांचे आजोबा तेव्हा मंदिरात स्वयंपाकी होते, त्यांनी ही पेटी बाहेर काढली. आग, सरदाराचं नाव, ग्रंथालय, सगळं इतिहासात आहे. मला ते आधीच ठाऊक होतं, त्यामुळे स्वयंपाकी आजोबाही त्याच माळेत ओवले गेले.

मग काका म्हणाले, "दामो तुमचे. ही पोथी तुमच्या देशात जायला हवी." आणि त्यांनी चक्क हात जोडले.

दामो म्हणजे बोधिधर्म, भारतातून चीनला गेलेले बौद्ध भिक्षू. शाओलिनचं कुंग फू आणि हे सूत्र त्यांचंच, अशी समजूत आहे. आमच्या क्लासच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, आणि कुंग फू मूळ आपलंच हे मी पहिल्या दिवसापासून ऐकत आलोय. तिथेच विरघळलो. सांगितलेले ६,००० घासाघीस करून ३,८०० वर आणले, वर स्वतःवर खूश झालो. पावती नाही. निघताना दुभाषा हळूच म्हणाला, "कपड्यात गुंडाळून ने. १९११ पूर्वीच्या जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे." हे मात्र खरं आहे. आणि त्यातली मेख मला फार उशिरा कळली. पोथी खरी असती तर मी तस्कर, खोटी निघाली तर मूर्ख. दोन्हीकडून तक्रार करायला तोंड उरत नाही.

घरी आल्यावर सरांना दाखवली. सर खूश. भिंतीवर फ्रेम करून लावायचंही ठरलं. त्याआधी अर्थ तरी कळावा म्हणून पुण्यात चिनी शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी पहिल्या वहीची अनुक्रमणिका उघडली आणि हसू आवरलं. म्हणाल्या, "हे 'जिंग' अक्षर मोज." मी मोजलं. ८ रेघा. जुन्या रूपात त्याला १३ रेघा असतात. शेजारी 'छी' होतं, ४ रेघांचं, जुनं १० चं. सोप्या केलेल्या अक्षरांची सरकारी योजना १९५६ ची. हाताने लिहिताना लोक पूर्वीही अक्षरं आखडायचे, पण राजेशाहीतल्या छापील पोथीच्या अनुक्रमणिकेत ही रूपं असणं जवळपास अशक्यच. आतला मजकूर जुन्या अक्षरांत होता, कुठल्या तरी पुनर्मुद्रणावरून उचललेला. अनुक्रमणिका मात्र नवीन टाइप करून चिकटवली होती. इतका आळस!

पुढचं मग मीच शोधलं. अशा पोथीचा कागद एका बाजूला छापतात आणि मधोमध दुमडून घडी बाहेरच्या कडेला ठेवतात. म्हणजे प्रत्येक पानाच्या पोटात एक कोरी बाजू असते. बोटाने घडी फुगवून आत डोकावलो. बाहेरून पान चहासारखं पिवळट, आत पांढरंशुभ्र. नोटा तपासायच्या जांभळ्या लाइटखाली ती आतली बाजू निळसर चमकली, नव्या शर्टासारखी. लाल शिक्का भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचा, म्हणजे उमटवलेला नव्हे, छापलेला. आणि कसरीची भोकं चारही वह्यांतून सुईने टोचल्यासारखी सरळ आरपार. कसर इतकी शिस्तीत चालत नाही. हे सगळं त्या घरात, खिडकीशी उभं राहून पाच मिनिटांत पाहता आलं असतं.

खरी चपराक बाईंनी प्रस्तावना वाचून दाखवली तेव्हा बसली. हा मूळ ग्रंथच वादग्रस्त आहे. त्यात थांग काळातला सेनापती ली जिंग याच्या नावाची प्रस्तावना आहे, इ.स. ६२८ ची. दामोने ग्रंथ लोखंडी पेटीत ठेवला, तो भिंतीत सापडला, आणि एका झुबकेदार दाढीवाल्या वीराकडून आपल्याकडे आला, असं ली जिंग सांगतो. हा दाढीवाला थांग काळातल्या एका गाजलेल्या कथेतलं पात्र आहे. एखाद्या शिवकालीन बखरीच्या सुरुवातीलाच 'ही मला अमुक कादंबरीच्या नायकाने दिली' असं लिहिलेलं सापडावं, तशातला प्रकार. ग्रंथ मिंग काळाच्या अखेरचा, १६२४ च्या सुमाराचा मानतात. १९३० मध्ये थांग हाओ या चिनी अभ्यासकाने शाओलिनच्या मुष्टियुद्धाचा आणि बोधिधर्माचा संबंध पुराव्याने खोडून काढला. चिनी लोकांनी १९३० मध्येच निकालात काढलेली गोष्ट मी अभिमानाने विकत घेतली.

शाओलिनचं जुनं, भरवशाचं पुस्तक हवंच असेल तर ते काठी चालवण्याच्या कलेचं आहे. चंग जोंगयोउ नावाच्या गृहस्थाने शाओलिनमध्ये दहाहून अधिक वर्षं शिकून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते लिहिलं. तो भिक्षू नव्हता आणि पुस्तक गुपितही नव्हतं, सरळ छापून विकलं. त्याआधी छी जिगुआंग या सेनापतीने सोळाव्या शतकात सैनिकांसाठी मुष्टियुद्धाच्या ३२ स्थिती चित्रांसह दिल्या, त्याही छापीलच. सुन लुथांग या उस्तादाचं शिंगयी या चिनी युद्धशैलीवरचं पुस्तक १९१५ चं, त्यात लेखकाचे फोटो आहेत. यांची पुनर्मुद्रणं साध्या पुस्तकाच्या भावात मिळतात. पेटीतून, लाल कापडातून काढलेलं काही घ्यायची गरजच नसते.

दुभाष्याला त्या पांढऱ्या पोटाचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "काका आजारी आहेत." त्यानंतर काही नाही. शाळेच्या मालकाने हात वर केले, त्याचा आणि त्या घराचा म्हणे संबंधच नव्हता.

सरांना सांगणं सगळ्यात जड गेलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "फोटो भिंतीवर राहू दे, पण नव्या मुलांना ती गोष्ट सांगताना आता 'म्हणतात' असं म्हणत जाऊ." पोथी माळ्यावर आहे. यीजिन जिंगचं ४५ युआनचं पुनर्मुद्रण नंतर मागवलं, आणि त्यातल्या बारा स्थिती रोज सकाळी करतो. पाठीला खरंच बरं वाटतं. पहिल्या स्थितीचं नाव वेईतुओवरून आहे, आणि वेईतुओ म्हणजे बौद्धांचा स्कंद.