घरच्या अंगणात पद्मिनी रंगवताना : एनॅमल, एनसी की टू-के?

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी रंगाचा प्रश्न येऊन ठेपतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्यापासून या गाडीकडे जुन्या वाहनापेक्षा घरातला ठेवा म्हणून पाहणारे वाढले आहेत; पण ठेवा जपण्याची इच्छा आणि संपूर्ण डेंटिंग-पेंटिंगचा गॅरेजचा आकडा यांचा मेळ बसतोच असे नाही. रंगकाम घरी करायचे ठरवले, तर खरी निवड तीन रंगांमध्ये आहे : रोलरने लावायचा सिंथेटिक एनॅमल, स्प्रे गनने मारायचा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारा दुसरा घटक, मिसळून वापरायचा टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. स्प्रेचे डबे मी या तुलनेत धरत नाही. एखादा आरसा, चाकाची रिम किंवा डिकीच्या आतला कोपरा यांसाठी ते उत्तम आहेत. पण पूर्ण गाडीला इतके डबे लागतात की खर्च गनच्या भाड्यापेक्षा वर जातो आणि बॉनेटवर पट्टे दिसतात ते वेगळेच.

रंग निवडण्याआधी गाडीवर आज कोणता रंग आहे हे पाहणे आवश्यक आहे, आणि ही तपासणी फुकट होते. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाचे लक्ष जात नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कपडा काही क्षण दाबून धरावा. कपड्यावर रंग उतरला तर खाली एनसी आहे. रंग फुगून सुरकुतला तर एनॅमल आहे. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा टू-के रंग आहे. ही तपासणी न करता मी आमच्या गाडीच्या मागच्या दारावर एनसीचा पहिला हात दिला होता. खाली कुणीतरी पूर्वी लावलेले एनॅमल होते. पाच मिनिटांत सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा आक्रसला आणि ते दार पत्र्यापर्यंत खरवडावे लागले. एनॅमलवर एनॅमल चालते, एनसीवर एनसी चालतो, पण एनॅमलवर एनसी चालत नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

आता एनॅमल. अगदी कमी पैशांत पूर्ण गाडी एकसारख्या रंगाची करायची असेल, तर याच्याइतका स्वस्त मार्ग नाही, कारण यात कॉम्प्रेसर नाही, गन नाही आणि हवेत उडून वाया जाणारा रंगही नाही. चांगल्या प्रतीचे एनॅमल टर्पेंटाइनने दुधाइतके पातळ करावे, चार इंची बारीक फोमच्या रोलरने अतिशय पातळ हात द्यावा आणि दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. दर दोन हातांनंतर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ओले घासून रोलरचे बुडबुडे आणि बसलेली धूळ काढावी लागते. असे सहा-सात हात झाल्यावर पृष्ठभाग खरोखर चांगला येतो. हा निव्वळ तडजोडीचा मार्ग आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू पक्के होते, त्यामुळे ते तासन्‌तास चिकट राहते आणि तेवढ्या वेळात अंगणातला प्रत्येक धूलिकण आणि प्रत्येक चिलट त्यावर येऊन बसते. शेवटचा हात दिल्यावर पॉलिशसाठी महिनाभर थांबावे लागते. गाडी उन्हात उभी राहत असेल, तर काही वर्षांत चमक जाऊन रंग खडूसारखा निस्तेज होतो. आणि पुढे कधी एनसी किंवा टू-के करायचे मनात आले, तर हे सगळे एनॅमल आधी उतरवावे लागते. या शेवटच्या गोष्टीचा विचार स्वस्ताईच्या आनंदात राहून जातो.

एनसीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. तो केवळ थिनर उडून गेल्याने सुकतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत पुढचा हात देता येतो, धूळ फारशी बसत नाही आणि हवेत उडालेला तुषार लांब जाईपर्यंत कोरडी भुकटी होऊन खाली पडतो. पण घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात झालेली चूक सुधारता येते. ओघळ आला तर तो सुकू द्यावा आणि ८०० नंबरच्या पेपरने घासून काढावा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर १००० आणि १५०० नंबरने सपाट करून रबिंग कंपाउंडने चमक आणावी. वर्षभराने मडगार्डवर ओरखडा आला तर तेवढ्याच जागेवर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. हातात पहिल्यांदा गन धरणाऱ्यासाठी हे फार मोठे अभय आहे.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. रंगाइतकेच किंवा त्याहून थोडे जास्त थिनर मिसळावे लागत असल्याने प्रत्येक हाताचा थर अगदी पातळ बसतो आणि सात-आठ हात द्यावे लागतात; म्हणजे रंगाइतकाच खर्च थिनरवर धरायचा. एक एचपीचा, २४-२५ लिटर टाकीचा लहान कॉम्प्रेसर एक दार व्यवस्थित मारतो, पण बॉनेट किंवा टप अर्ध्यावर असताना त्याची हवा कमी पडते आणि गन तुषाराऐवजी थेंब टाकू लागते. म्हणून कॉम्प्रेसर विकत न घेता मोठा भाड्याने आणावा आणि पाणी अडवणारा फिल्टर नळीला लावलेला आहे ना, हे पाहावे. दमट हवेत एनसी पांढरा पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले बाष्प त्यावर धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले कोरडे दिवस आणि सकाळी दव वाळल्यानंतर दुपारपर्यंतची वेळ सर्वांत चांगली. एनसीवर पेट्रोल सांडले तर डाग पडतो, तेव्हा टाकीच्या तोंडाशी फडके कायम हाताशी असावे.

टू-केची चमक आणि टिकाऊपणा यांच्याशी वरच्या दोघांची बरोबरी होत नाही. ऊन, पेट्रोल, पाऊस सगळे तो सोसतो आणि दोन-तीन हातांत काम संपते. तरीही तो घरी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा तुषार श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. साध्या मास्कने तो अडत नाही; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो कुणाच्या घरी नसतो. शिवाय हा तुषार ओलाच उडत जाऊन शेजाऱ्यांच्या गाड्यांवर पक्का चिकटतो. थिनरची वाफ तर तिन्ही रंगांत भडका घेणारी आहे, तेव्हा एनसी मारतानाही गॅस गिझर, देवघरातला दिवा आणि साधा एक्झॉस्ट फॅन यांपासून गाडी दूर असावी.

ज्याला टू-केच हवा आहे आणि पैसे मात्र मोजकेच आहेत, त्याच्यासाठी चौथी वाट आहे, आणि बहुतेकांना मी तीच सुचवेन : तयारी घरी, शेवटचे हात पेंटरच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारण्याच्या बंदिस्त खोलीत. गॅरेजच्या बिलाचा मोठा भाग रंगाचा नसून मजुरीचा असतो, आणि ती मजुरी मुख्यतः घासण्याची आणि लांबी, म्हणजे खळगे बुजवणारी पुट्टी, भरण्याची असते. हे काम घरी, सुट्टीच्या दिवशी, थोडे थोडे करता येते. पातळ कपड्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डच्या आतल्या बाजूने आणि पायरीखालच्या पट्टीवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी जुनी लांबी आहे. आमच्या दाराच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावताच लांबीचा तळहाताएवढा पापुद्रा बिस्किटासारखा निघून आला आणि मागे पत्रा नव्हताच. अशा जागी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा जोडून घ्यावा; त्यावर लांबी लिंपली तर दोन पावसाळ्यांत फोड येणारच. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर ब्रशने देता येतो, हातमोजे तेवढे घालावेत. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण तो वरून एनॅमल लावायचे असेल तरच वापरावा, कारण एनसीचे थिनर त्याला उचलते. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी.

घासणे पुरे झाले का, हे डोळ्यांना कळत नाही. काळ्या रंगाचा हलका फवारा सगळ्या प्रायमरवर मारावा आणि लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या ४०० नंबरने घासावे. जिथे काळे ठिपके राहतात तिथे खळगा आहे. मग डोळे मिटून, सुती कपड्यावरून तळहात फिरवावा; उघड्या बोटांना न जाणवणारी लाट कपड्यावरून जाणवते.

ही तयारी करण्याआधी पेंटरशी बोलणे मात्र गरजेचे आहे. पुष्कळ कारागीर दुसऱ्याच्या प्रायमरवर हात टाकायला तयार नसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण फोड आला तर बोल त्यांनाच लागतो. कोणता प्रायमर, किती नंबरपर्यंत घासायचे आणि काचांची रबरे, दिवे, बंपर कोणी उतरवायचे, हे आधी त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावे. मूळ रंग बदलणार असाल, तर आरसी पुस्तकातल्या नोंदीचे कामही वाढते. तोच रंग ठेवला तर तो व्याप टळतो आणि दारांच्या आतल्या चौकटी पुन्हा रंगवण्याचे श्रमही वाचतात.