वेल्डिंगला हातातली काच, उचलायचं हेल्मेट की ऑटो हेल्मेट? ग्रिल-गेटच्या कामासाठी काय घ्यावं

खिडकीच्या एका साध्या ग्रिलला वेल्डिंगचे टाके (छोटे छोटे जोड) किती लागतात ते मी एकदा मोजलं होतं. एकशे चौदा निघाले. म्हणजे एकशे चौदा वेळा काच खाली, टाका, काच वर. पन्नास-साठ टाक्यांनंतर हात कंटाळतो, मग एखादा टाका ‘डोळे मिटून’ मारला जातो. डोळे मिटायला नेहमी उशीरच होतो. त्या रात्री दोन-अडीचला जाग येते आणि पापणीखाली मूठभर वाळू भरल्यासारखं वाटतं. आर्क, म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ठिणगी, डोळ्यांना लागल्याचं तेव्हाच्या तेव्हा कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं. अशा वेळी दूध, गुलाबपाणी असलं काही डोळ्यात घालू नका. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून स्वतःच टाकत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

नवीन काच घ्यायची असेल तर तुमच्या कामात टाके जास्त की लांब बीड (सलग जोड), हे आधी बघा.

हातातली काच दीड-दोनशे रुपयांत येते. बॅटरी नाही, सेन्सर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. काळ्या काचेवर शेड नंबर (आकडा मोठा तितकी काच जास्त काळी) कोरलेला हवा आणि तिच्यापुढे साधी पांढरी काच हवी, म्हणजे छर्रे तिच्यावर बसतात. बिननंबराची काच स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. डोळ्यापुढे काळोख झाला म्हणजे अतिनील किरणं अडलीच असं नसतं. हातातल्या काचेचं खरं दुखणं वेगळंच आहे. एका हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड पकडणारा चिमटा), दुसऱ्या हातात काच, मग जॉब (जोडायचं लोखंड) धरणार कोण? हेल्पर. तो पट्टी धरतो आणि तोंड फिरवून उभा राहतो. काच तुमच्याकडे असते, आर्क त्याच्या गालावर पडते. परांचीवर तर आणखी वाईट, तिथे एक हात आधाराला लागतोच.

डोक्यावर बसणारं, पुढची काळी काच उचलता येणारं हेल्मेट हा मधला मार्ग. काळी काच वर केली तरी खाली पांढरी राहते, त्यामुळे स्लॅग (जोडावर जमणारी खपली) झाडताना डोळा झाकलेला असतो. टेबलावर बसून लांब बीड मारणाऱ्याला हे पुरतं, आणि टिकतं खूप. टाक्यांच्या कामाला मात्र नाही. काच खाली केली की अंधार, आणि त्या अंधारात रॉडचं टोक नेमक्या जागी न्यायचं. मानेला झटका दिला की टोक दोन-चार मिलिमीटर सरकतंच.

ऑटो हेल्मेट इथे जिंकतं. आर्क नसताना काच शेड ३ किंवा ४ वर असते, गॉगलमधून दिसावं तितकं दिसतं. आर्क पेटली की सेन्सरला प्रकाश कळतो, आतल्या द्रव-स्फटिकाच्या थराला वीज मिळते आणि काच ९ ते १३ पैकी लावलेल्या शेडवर जाते. चांगल्या हेल्मेटवर हा वेळ सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग लिहिलेला असतो. स्वीडनच्या हॉर्नेल यांच्या कंपनीने ‘स्पीडग्लास’ १९८१ मध्ये बाजारात आणलं. आज हजार-बाराशेपासून ऑटो मिळतं, बरं हेल्मेट तीन ते पाच हजारांत, आणि नावाजलेलं त्याच्या कितीतरी पट.

एक भीती नेहमी कानावर येते: सेल संपला आणि काच काळी झाली नाही तर डोळे जातील. प्रमाणित काचेत अतिनील आणि अवरक्त किरणं अडवणारा थर कायमचा असतो, काच काळी असो वा नसो. सेल संपला तर लख्ख उजेडाने डोळे दिपतील, त्रास होईल, पण अतिनील किरणं आत येणार नाहीत. हे अर्थात खऱ्या, छाप असलेल्या फिल्टरपुरतं. फिल्टरवर ‘४/९-१३’ असे शेड, चार आकड्यांचा दर्जा (१/१/१/२ वगैरे, १ सगळ्यात चांगला, ३ सगळ्यात कमी) आणि ३७९ हा युरोपीय मानकाचा क्रमांक किंवा तसलंच दुसरं मानक छापलेलं बघा. चौथा आकडा तिरकं पाहिल्यावर काच एकसारखी दिसते का ते सांगतो. गेटखाली वाकून काम करणाऱ्याने तो आधी वाचावा.

स्वस्त आणि मधल्या ऑटोतला फरक शेडमध्ये नसतो, दोघांवरही ९ ते १३ लिहिलेलं असतं. फरक सेन्सरमध्ये आणि आतल्या बटणांत असतो. दोन सेन्सरचं हेल्मेट घालून मी एकदा जिन्याच्या रेलिंगमागे वाकलो होतो. उभा पाइप बरोबर सेन्सरपुढे आला, तापल्या रसावर (वितळलेल्या धातूवर) काच एकदम उजळली, काळी झाली, पुन्हा उजळली. तीन-चार वेळा. त्या दिवसापासून रेलिंग आणि पाइपच्या कामाला चार सेन्सर, यावर मी अडून आहे. सपाट ग्रिललाच वापरणार असाल तर दोन चालतात. संवेदनशीलतेचं बटण नसलेलं हेल्मेट मात्र कुणीच घेऊ नये, कितीही छान वाघाचं चित्र असलं तरी.

कारण सगळी मजा त्या बटणात आहे. वर्कशॉपमध्ये, बंद खोलीत ते वाढवून ठेवा. उन्हात गच्चीवर काच उगाच काळी व्हायला लागली तर थोडं थोडं कमी करा, पण कमी केल्यावर भंगाराच्या तुकड्यावर एक टाका मारून बघितल्याशिवाय जॉबला हात लावू नका. स्टीलच्या रेलिंगला टिग वेल्डिंग कमी अँपिअरवर चालतं, आर्क छोटी असते, तिथे बटण वरच हवं. शेजारी दुसरा वेल्डर असेल तर त्याच्या आर्कनेही तुमची काच काळी होते. वैताग येतो, पण धोका नाही. धोका उलट बाजूने आहे: बटण खाली राहिलं आणि तुमचीच आर्क सेन्सरला कळली नाही.

शेड लावताना काळ्याकडून उजळाकडे या. १२ नंबरच्या (बारीक) रॉडला सत्तर-ऐंशी अँपिअरवर शेड १०, १० नंबरच्या (त्याहून जाड) रॉडला एकशे दहा-वीसवर शेड ११ लावून सुरू करा. रस आणि स्लॅग वेगळे दिसत नसतील तर एक घर उतरा. मिग वेल्डिंगला (तारेने होणाऱ्या) दीडशेच्या आसपास ११. संध्याकाळी डोळे जड वाटले तर दुसऱ्या दिवशी एक घर चढवा.

तिसरं बटण आर्क विझल्यावर काच किती वेळाने उजळायची त्याचं, साधारण ०.१ ते १ सेकंद. टाक्यांना कमी ठेवा, नाहीतर पुढच्या टाक्याची वाट बघत बसाल. जाड पत्र्यावर वाढवा, कारण आर्क विझली तरी रस लाल तापलेला असतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ग्राइंड मोडची. त्यात काच मुद्दाम उजळ राहते. ग्राइंडर खाली ठेवला, होल्डर उचलला, बटण फिरवायचं विसरलं. प्रत्येक वर्कशॉपमध्ये हे घडलेलं आहे. म्हणून ग्राइंड मोड बाहेरच्या बाजूला, हातमोज्यात चाचपता येईल असा असलेलं हेल्मेट मी पसंत करतो. आणि ग्राइंडिंगला हेल्मेटखाली पारदर्शक गॉगल घालतोच.

रोज सकाळी हेल्मेट हातात धरून सेन्सरची बाजू उन्हाकडे करा, काच चटकन काळी झाली पाहिजे. त्या काचेतून सूर्याकडे मात्र बघू नका. सेन्सर आणि सोलर पट्टी कापडाने पुसा. बाहेरची प्लास्टिकची काच छर्र्यांनी खरबरीत झाली की बदला, ती स्वस्त असते, आतला फिल्टर नाही. सेल बदलता येतो का हे घेतानाच विचारा, काही स्वस्त हेल्मेटांत तो आत कायमचा बसवलेला असतो. चाळिशी लागलेल्यांनी आत भिंगाची काच बसवायची खाच आहे का तेही बघावं. रस नीट दिसत नाही म्हणून पुष्कळजण शेडला दोष देतात, असतो चष्म्याचा नंबर.

ऑटो गॉगलबद्दल एकच वाक्य: डोळे वाचतात, गाल आणि मान भाजतात. गॅस कटिंगला आणि लेसर वेल्डिंगला ऑटो हेल्मेट वापरू नका. गॅसची ज्योत सेन्सरला पुरेशी लागत नाही, आणि लेसरसाठी वेगळाच चष्मा लागतो.

माझं मत विचाराल तर साइटवर ग्रिल-गेट करणाऱ्याने चार सेन्सरचं, तिन्ही बटणं असलेलं मधल्या किमतीचं ऑटो घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत हेल्परसाठी साधं ऑटो. एकच महागडं घेऊन हेल्परला तोंड फिरवायला लावण्यापेक्षा हे बरं. टेबलावर लांब बीड मारणाऱ्याला उचलायचं हेल्मेट आजही पुरे.

जुनी हातातली काच फेकू नका. गिऱ्हाईक काम बघायला येऊन जवळ उभं राहतंच, कधी पोराचं बोट धरून. तेव्हा ती त्यांच्या हातात द्यायची.